एका केबलवर दोन डिस्क

डेटा कॉपी होता होता मध्येच अडकला, स्क्रीनवर एरर झळकला, की आसपासच्या जाणकाराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "हार्ड डिस्क गेली." त्यापाठोपाठ दुसरं : "फॉरमॅट मारून बघू." सांगलीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवताना ही दोन वाक्यं मी किती जणांच्या तोंडून ऐकली असतील! आणि त्यापायी धडधाकट डिस्कवरचा चांगला डेटा पुसला गेलेलाही पाहिला आहे. एकाच केबलवर दोन वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या वेगांची उपकरणं बसवली असतील आणि एरर येत असेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा, मग जंपरवर, आणि डिस्कवर सगळ्यात शेवटी. ते का, हे नीट समजून घेतलं तर पुष्कळांचा डेटा वाचेल, म्हणून हा लेख.

आता कुणी विचारेल, आज प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल असताना ही जुनी कथा कशासाठी? कारण त्या रुंद, करड्या पट्टा केबलवर चालणाऱ्या डिस्क अजून संपलेल्या नाहीत. छापखान्यांतल्या कपाटांत त्या आहेत, शाळांच्या स्टोअररूममध्ये आहेत, वर्कशॉपमध्ये एखाद्या मशीनला जोडलेल्या आणि बदलता न येणाऱ्या जुन्या संगणकांत आजही फिरत आहेत. त्यांच्यावर लोकांचं आयुष्यभराचं काम आहे. ते बाहेर काढायची वेळ येते तेव्हा माणूस हमखास जुनी डिस्क नव्या डिस्कच्या शेजारी बसवतो, आणि तिथेच घोळ सुरू होतो.

मुळात एका केबलवर दोन डिस्क आल्या कशा? १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटी संगणकात डिस्क चालवणारा कंट्रोलर वेगळ्या कार्डावर असायचा आणि ते एक कार्ड दोन डिस्क सांभाळायचं. पुढे वेस्टर्न डिजिटलने तो कंट्रोलर डिस्कच्याच अंगावर बसवायची रचना केली. १९८६ मध्ये कॉम्पॅकच्या संगणकांत अशा डिस्क आल्या. हीच आयडीई. जुनं सॉफ्टवेअर न बदलता चालावं म्हणून बाहेरून सगळं पूर्वीसारखं ठेवलं, म्हणजे दोन डिस्कची सोयही तशीच राहिली. मात्र आता दोन डिस्क म्हणजे दोन स्वतंत्र कंट्रोलर, आणि दोघे एकाच पट्ट्यावर. मदरबोर्डने दिलेला प्रत्येक आदेश दोघांनाही ऐकू जातो. एका डिस्कला मास्टर म्हणतात, दुसरीला स्लेव्ह. आदेशासोबत एक बिट जातो, तो शून्य असेल तर मास्टरने काम करायचं, एक असेल तर स्लेव्हने. आपण कोण हे डिस्कला कळतं ते मागच्या बाजूला बसवलेल्या छोट्याशा जंपरवरून. दोन्ही डिस्क मास्टर लावल्या तर दोघी एकदम उत्तर देतात, आणि मग कधी एकही डिटेक्ट होत नाही, कधी नाव भलतंच अगम्य दिसतं.

या पट्ट्याच्या कनेक्टरमधल्या चाळीस पिनांतल्या एका पिनेची गोष्ट मला सांगायची आहे. ती ३४ क्रमांकाची पिन. तिच्यापाशी येण्याआधी एका छापखान्याचं प्रकरण सांगते.

विंडोज एक्सपीचे दिवस होते. छापखान्याचे मालक वयाने मोठे, मी त्यांना काकाच म्हणते. त्यांनी ८० जीबीची डिस्क असलेला नवा संगणक घेतला होता. जुन्या संगणकात २.१ जीबीची, १९९७ सालची डिस्क होती आणि तिच्यावर वर्षानुवर्षांचं काम : गावोगावच्या स्मरणिका, सहकारी सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिकांचे साचे, सगळं पेजमेकरमध्ये केलेलं. छापखान्यातल्या मुलाने जुनी डिस्क काढून नव्या कॅबिनेटमध्ये बसवली. नव्या केबलचा मधला कनेक्टर वरच्या खणापर्यंत पोचेना, म्हणून जुन्या संगणकातली लांब केबल काढून तीच दोन्ही डिस्कना लावली. नवी डिस्क मास्टर, जुनी स्लेव्ह. जंपर अगदी बरोबर लावले होते. संगणक सुरू झाला, दोन्ही डिस्क दिसल्या, कॉपी सुरू झाली. थोड्याच वेळात खालच्या कोपऱ्यात फुगा आला : 'डिलेड राइट फेल्ड'. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. नंतर एरर यायचे थांबले, पण संगणक इतका मंद झाला की माउस हलवला तर बाण झटके देत सरकायचा.

"ताई, ही नवी डिस्क खराब निघाली बघा," काका म्हणाले. "जुनी काढून टाकली तरी हा असाच रखडतोय. परत करू का?"

"काका, आधी मला मशीन एरर आला तेव्हा होतं तसं आणून द्या. काहीही काढू नका, बदलू नका."

ही माझी पहिली अट असते. बिघाड ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत मला बघायचा असतो. मुलाने पुन्हा सगळं आधीसारखं जोडून मशीन आणलं. मी ते सुरू केलं आणि बूट होतानाचा काळा स्क्रीन पॉजचं बटण दाबून थांबवला. बहुतेक लोक तो स्क्रीन बघतच नाहीत. डोळ्यांपुढून जातो आणि विंडोज येते. पण तिथे प्रत्येक डिस्कपुढे ती कोणत्या मोडमध्ये चालणार ते लिहिलेलं असतं. नव्या डिस्कपुढे होतं : अल्ट्रा डीएमए ५, म्हणजे सेकंदाला १०० एमबीपर्यंत. मग संगणक बंद केला, वीज काढली, फक्त जुनी डिस्क केबलवरून सोडवली आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी त्याच स्क्रीनवर एक नवी ओळ उमटली : प्रायमरी चॅनेलवर (म्हणजे बोर्डावरच्या पहिल्या आयडीई जोडणीवर) ८० कंडक्टरची केबल बसवलेली नाही. आणि त्याच नव्या डिस्कपुढे आता अल्ट्रा डीएमए २, सेकंदाला ३३ एमबी.

केबल तीच, बोर्ड तोच, नवी डिस्क तीच. जुनी डिस्क जोडलेली असताना बोर्डाला केबल चांगली वाटत होती. ती काढली तेव्हा बोर्डाला केबलचं खरं रूप कळलं.

केबलचं खरं रूप काय होतं? ती चाळीस तारांची जुनी पट्टा केबल होती. आयडीईच्या कनेक्टरला चाळीस पिना आणि सुरुवातीला केबललाही चाळीसच तारा. वेग कमी होता तोवर हे पुरेसं होतं. पण वेग ३३ एमबीच्या पुढे न्यायचा ठरला तेव्हा शेजारशेजारच्या तारांतले सिग्नल एकमेकांत उतरू लागले. एका तारेतला चढउतार बाजूच्या तारेत उमटतो आणि शून्याचा एक होतो. त्यावर उपाय म्हणून ८० तारांची केबल आली. कनेक्टरच्या पिना चाळीसच राहिल्या. वाढीव चाळीस तारा फक्त ग्राउंडच्या, प्रत्येक दोन तारांच्या मध्ये एक. त्या कोणताही डेटा नेत नाहीत, शेजाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. ६६, १०० आणि १३३ एमबीच्या वेगांना ही केबल लागतेच. हातात घेतली तरी फरक कळतो : ८० तारांच्या केबलवरच्या रेघा बारीक, रेशमी वाटतात, ४० तारांच्या केबलवर बोट फिरवलं तर प्रत्येक तार वेगळी लागते.

आता ती ३४ नंबरची पिन. तिचं जुनं काम असं : संगणक सुरू झाला की स्लेव्ह डिस्क स्वतःची तपासणी करते आणि 'मी ठीक आहे' हे मास्टरला या पिनेवरून कळवते; त्यासाठी ती पिन खाली ओढते. मास्टर या उत्तरासाठी ३१ सेकंदांपर्यंत थांबते. (बूट होताना संगणक अर्धा मिनिट मुका बसतो, त्यामागे बऱ्याचदा हीच वाट पाहणं असतं.) ८० तारांची केबल आली तेव्हा बोर्डाला ती ओळखता यावी म्हणून याच पिनेवर दुसरं काम सोपवलं. नव्या केबलच्या बोर्डाकडच्या कनेक्टरमध्ये ही पिन ग्राउंडला जोडलेली असते. बोर्ड बघतो : पिन खाली आहे का? असेल तर ८० तारा, वेग वाढवायला हरकत नाही.

दोन कामं एकाच पिनेवर आली म्हणून नव्या डिस्कना नियम घालून दिला, की तपासणीचं उत्तर देऊन झालं की पिन सोडून द्यायची. पण आयडीईच्या एटीए-३ या प्रमाणापर्यंतच्या जुन्या डिस्क बनल्या तेव्हा हा नियमच नव्हता. अशी डिस्क स्लेव्ह म्हणून बसली आणि तिने पिन धरूनच ठेवली, तर बोर्डाला वाटतं केबल ८० तारांची आहे. काकांच्या मशीनमध्ये हेच झालं होतं. जुन्या डिस्कने धरून ठेवलेल्या पिनेमुळे नवी डिस्क १०० एमबीच्या वेगाने त्या चाळीस तारांच्या, वर लांबही असलेल्या पट्ट्यावर धावत होती. प्रमाणानुसार या केबलची लांबी १८ इंचांपेक्षा जास्त असायलाच नको. बाजारात मात्र त्याहून लांब केबल सर्रास मिळायच्या. दोन्ही डिस्क निर्दोष, दोन्ही आपापल्या काळाच्या नियमांप्रमाणे वागत होत्या. चूक त्यांना एकत्र बसवण्यातून जन्मली होती.

मग एरर नेमका कोण देत होतं? अल्ट्रा डीएमएबरोबर एक फार चांगली गोष्ट आली, तिचं नाव सीआरसी. डेटाचा प्रत्येक झोत केबलवरून जाताना बोर्ड आणि डिस्क दोघेही त्यावरून १६ बिटांचा एक आकडा काढतात. झोत संपला की बोर्ड आपला आकडा पाठवतो, डिस्क आपल्या आकड्याशी ताडून पाहते. जुळला नाही तर डिस्क सांगते की वाटेत काहीतरी बिघडलं, पुन्हा पाठवा. म्हणजे सीआरसी एरर हे केबलबद्दलचं विधान आहे. डिस्कच्या तबकडीवर काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंधच नाही. बॅड सेक्टर वेगळा आणि सीआरसी एरर वेगळा, ही गोष्ट मी दुकानात कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात शिकवते.

एक्सपी अशा चुका मोजत असे. एकूण सहा सीआरसी किंवा टाइमआउट एरर झाले की ती वेग एक पायरी खाली आणायची. तरी चुका येतच राहिल्या तर पायरी पायरीने उतरत शेवटी पीआयओ मोडवर. पीआयओमध्ये डेटाचा प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागतो, जास्तीत जास्त १६.७ एमबीच्या वेगाने. म्हणून माउस झटके देत होता. आणि एक्सपी हा निर्णय लक्षात ठेवायची, म्हणून जुनी डिस्क काढल्यावरही मशीन मंदच राहिलं आणि काकांना नवी डिस्क खराब वाटली.

इथे एक धोका आहे आणि तो मला ठासून सांगायचा आहे. 'एरर थांबले' हे ऐकून लोक समाधान मानतात. काही दुरुस्तीवाले तर सीआरसी एररवर इलाज म्हणून मुद्दाम पीआयओ मोड लावून देत. पण सीआरसीची तपासणी फक्त अल्ट्रा डीएमएमध्ये आहे. पीआयओमध्ये केबलवरच्या डेटाची तशी काहीच पडताळणी होत नाही. वेग कमी झाल्याने चुका कमी होतात हे खरं; पण केबलच्या आत एखादी तार सुटत असेल, तर चुकीचा डेटा गुपचूप लिहिला जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. त्यात भर म्हणजे अल्ट्रा डीएमएमध्येसुद्धा सीआरसी संरक्षण देते ते डेटाला. 'अमुक जागी लिही' हा आदेश त्या संरक्षणाबाहेर असतो. जागेचा आकडाच वाटेत बिघडला तर बरोबर डेटा चुकीच्या जागी बसू शकतो. म्हणून खराब केबलवर लिहिणं ताबडतोब थांबवायचं. एरर येत असताना 'रिट्राय' दाबत राहणं हा सगळ्यात वाईट उपाय.

काकांच्या मशीनवर मी केलेली दुरुस्ती साधी होती. जुनी डिस्क खालच्या खणात सरकवली, म्हणजे १८ इंची केबल पोचली. ८० तारांची नवी केबल घेतली : निळं टोक बोर्डाला, काळं टोक मास्टरला, मधला राखाडी कनेक्टर स्लेव्हला. हे रंग शोभेचे नाहीत. केबल उलटी लावली, निळं टोक डिस्कला आणि काळं बोर्डाला, तर त्या ३४ नंबरच्या पिनेचं ग्राउंड भलत्याच जागी जातं आणि बोर्डाला केबल ओळखता येत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन प्रायमरी आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल केला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. विंडोजने चॅनेल नव्याने ओळखला, जुना हिशेब विसरली, नवी डिस्क पुन्हा अल्ट्रा डीएमए ५ वर आली.

आधी झालेली अर्धवट कॉपी मी पूर्ण पुसली. काकांना ते जिवावर आलं, कारण त्यातल्या बऱ्याच फाइली उघडत होत्या. पण फाइल उघडते याचा अर्थ ती पूर्ण बरोबर आहे असा होत नाही. पन्नासाव्या पानावरचा एक बिघडलेला तुकडा पहिलं पान पाहून दिसत नाही. शिवाय जुनी डिस्क अल्ट्रा डीएमएच्या आधीची, तिच्याकडून येणाऱ्या डेटाला सीआरसीचं संरक्षण कोणत्याच केबलवर नव्हतं. म्हणून तिच्यावरचा सगळा डेटा दोनदा, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये वाचून घेतला आणि प्रत्येक फाइलच्या चेकसमची, म्हणजे तिच्यातल्या डेटावरून काढलेल्या आकड्याची, जोडी ताडून पाहिली. केबलवरची चूक सहसा दोन्ही वेळा त्याच जागी, त्याच रूपात होत नाही. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तेव्हाच काकांना डिस्क परत दिली.

छापखान्याचं उदाहरण जरा दुर्मीळ जोडीचं आहे. रोज येणारी प्रकरणं याहून साधी असतात, पण तिथेही मुळाशी तेच असतं.

सगळ्यात जास्त येते ती ओढून सैल झालेली केबल. पट्टा केबलचे कनेक्टर डाग देऊन बसवलेले नसतात. कनेक्टरच्या आत धातूचे बारीक दात असतात, ते तारेवरचं आवरण कापून आतल्या तांब्याला चावा घेतात, आणि तेवढ्यावरच तो जोड टिकतो. कनेक्टर घट्ट बसलेला असतो म्हणून लोक पट्टा पकडून हिसका देतात. दोनचार वेळा असं झालं की एखादा दात सैल होतो. बाहेरून केबल नवीकोरी दिसते, पण कॅबिनेट थोडं हललं, गरम झालं की ती तार सुटते. असे एरर येतात-जातात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एररलाच माणूस 'डिस्क मरायला टेकली' असं समजतो. केबल काढायची ती कनेक्टरच्या दोन बाजू चिमटीत धरून, डावी-उजवीकडे हलकेच हलवत.

एकच डिस्क असताना ती मधल्या कनेक्टरवर लावणं, हेही नेहमीचं. टोकाचा भाग मोकळा लोंबकळत राहतो आणि तिथपर्यंत गेलेला सिग्नल उलटा परत येऊन खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. एकटी डिस्क नेहमी टोकालाच हवी. मध्यंतरी गोल, रंगीबेरंगी आयडीई केबलची टूम आली होती, कॅबिनेटमध्ये हवा खेळती राहते म्हणून. मी त्या कधी विकल्या नाहीत. पट्ट्यात प्रत्येक डेटाच्या तारेशेजारी ग्राउंडची तार ठरलेल्या अंतरावर असते. तो पट्टा चिरून गुंडाळला की ती रचनाच मोडते.

जंपरचेही प्रकार आहेत. काही कंपन्यांच्या डिस्कना 'एकटी' आणि 'स्लेव्ह असलेली मास्टर' अशा दोन वेगळ्या जागा असतात. दुसरी डिस्क काढून घेतली आणि जंपर तसाच ठेवला, तर राहिलेली डिस्क नसलेल्या जोडीदाराची वाट पाहत बसते आणि डिटेक्टच होत नाही. लोक म्हणतात, "काल चालत होती, आज मेली." जंपरचं चित्र डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं, ते वाचायचं. केबल सिलेक्ट (म्हणजे मास्टर कोण हे केबलवरच्या जागेवरून ठरू देणारा जंपर) लावायचं तर दोन्ही डिस्कना केबल सिलेक्ट. एक मास्टर आणि दुसरी केबल सिलेक्ट असा मेळ घालू नये.

एक समज मात्र दूर करायला हवा. "जुनी डिस्क शेजारी बसवली की नव्या डिस्कचा वेग तिच्याइतका खाली येतो," असं बरेच तंत्रज्ञही सांगतात. हे एके काळी खरं होतं. इंटेलच्या १९९५ सालच्या पहिल्या पीआयआयएक्स चिपमध्ये एका चॅनेलवरच्या दोन्ही डिस्कना एकच टायमिंग असायचं. त्यानंतरच्या पीआयआयएक्स-३ पासून स्लेव्हचं टायमिंग वेगळं ठेवता येऊ लागलं, आणि पुढच्या बहुतेक बोर्डांवर प्रत्येक डिस्क आपापल्या वेगाने बोलते. तरीही दोघी एकाच केबलवर असल्या की काम रेंगाळतं, त्याचं कारण वेगळं आहे : ती केबल एकेरी रेल्वेमार्गासारखी आहे. एका वेळी एकाच डिस्कचा आदेश चालतो आणि तो पुरा होईपर्यंत दुसरीने थांबायचं. ओरखडे पडलेली सीडी वाचताना सीडी ड्राइव्ह पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, तेवढा वेळ केबल अडून राहते आणि विंडोजची डिस्क ताटकळते. माणसाला वाटतं संगणक हँग झाला. त्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर दुसरा आयडीई कनेक्टर असतो. सीडी ड्राइव्ह तिकडे लावावा, आणि डिस्कवरून डिस्कवर कॉपी करायची असेल तर दोघींना दोन वेगळ्या केबल द्याव्यात. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

दोष केबलचा की डिस्कचा, हे ठरवायला डिस्क स्वतःच मदत करते. जवळपास सगळ्या बऱ्यापैकी अलीकडच्या डिस्क स्मार्ट नावाची नोंदवही ठेवतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर ती वही वाचून दाखवतात. त्यात ५ नंबरची नोंद बदली केलेल्या सेक्टरची, १९७ नंबरची वाचता न येणाऱ्या आणि निर्णयासाठी थांबलेल्या सेक्टरची. हे आकडे वाढत असतील तर डिस्क खरोखर आजारी आहे. १९९ नंबरची नोंद मात्र सीआरसी एररची. हा आकडा कधी कमी होत नाही. केबल बदलली तरी जुने एरर तिथेच दिसत राहतात आणि लोक उगाच घाबरतात. मी तो आकडा कागदावर लिहून ठेवते, केबल बदलते, भरपूर डेटा वाचते आणि पुन्हा पाहते. तिथेच थांबला असेल तर काम झालं. वाढतच असेल तर पुढचा संशय बोर्डावरच्या पिनांवर, मग एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, कारण पाच व्होल्टची लाइन डळमळली तरी असेच एरर येतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, जंपर आणि खण तिन्ही एकदम बदलले आणि मशीन चालू झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

२००३ नंतर साटा डिस्क आल्या, प्रत्येकीला स्वतंत्र सात कनेक्शनांची बारीक केबल मिळाली, आणि मास्टर-स्लेव्हचा प्रश्नच उरला नाही. सीआरसी मात्र तिथेही आहे आणि १९९ नंबरची नोंदही. साटाच्या लाल केबलचा कनेक्टर सैल झाला की तीच नोंद वाढते. आता एक जोडणी वाटून घेणं यूएसबी हबवर आलं आहे. स्वतःची वीज नसलेला यूएसबी २ हब संगणकाकडून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर घेऊ शकतो, आणि लोक त्यावर पोर्टेबल डिस्क, पेनड्राइव्ह, कीबोर्ड सगळं लावतात. कॉपी करताना डिस्क मध्येच गायब होते, पुन्हा येते. तिथेही पहिलं वाक्य तेच : डिस्क गेली. ती सरळ संगणकाच्या मागच्या पोर्टला लावून पाहा.

घरात किंवा ऑफिसात जुनी आयडीई डिस्क पडून असेल आणि तिच्यावरचं काही हवं असेल, तर तिला जुन्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या डिस्कशेजारी बसवू नका. आयडीईवरून यूएसबीवर नेणारा अडॅप्टर मिळतो, स्वतःची वीज देणाऱ्या चार्जरसकट. बहुतेक अडॅप्टरना डिस्क मास्टर किंवा एकटी अशी लावलेली चालते, स्लेव्ह लावलेली चालत नाही. डिस्क सुरू होताना टक-टक असा ठोका येत असेल तर वीज लगेच काढा, तिथे केबलचा प्रश्न नाही. आवाज सुरळीत असेल तर आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्या. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे काम उत्तम करतं, आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. विंडोज 'ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का?' असं विचारेल तर 'नाही' म्हणा.

आणि माझ्यासारख्या कुणाकडे डिस्क घेऊन जाणार असाल, तर ती ज्या केबलवर होती ती केबलही सोबत न्या, जंपर जसा आहे तसाच ठेवा, शेजारी दुसरी कोणती डिस्क होती ते सांगा. मधल्या काळात कुणी फॉरमॅट मारला असेल तर तेही सांगा. त्यावरून कोणी रागावणार नाही, पण काम कुठून सुरू करायचं ते त्यावरच ठरतं.